मुकं पाणी

नववीच्या भूगोलात ‘भूजलाचे कार्य’ असा एक पाठ होता. नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत मी तो दरवर्षी शिकवला आणि दरवर्षी घाईघाईने उरकला. फळ्यावर आकृती मात्र झकास काढायचे. गुहेच्या छताला लोंबणारे अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीतून वर येणारे ऊर्ध्वमुखी, आणि दोघे मधे भेटून झालेला खांब. खाली नावं लिहायची, हात झटकायचे, “वहीत उतरवून घ्या” म्हणायचं आणि खिडकीशी जाऊन उभं राहायचं. एकदा एका आगाऊ मुलीने विचारलं, “बाई, तुम्ही असली गुहा खरीखुरी पाहिलीय का?” मी तिला उगाचच झापलं. पोरीचा काही दोष नव्हता. खडूने जे काढत होते त्याच्यासमोर मी चौदा वर्षांची असताना तीन दिवस बसले होते, आणि त्या तीन दिवसांचं मला कुणाशी बोलायचं नव्हतं. आता बोलते. वय झालं की माणूस एक तर सगळं विसरतो नाही तर सगळं सांगून टाकतो, आणि माझी स्मरणशक्ती दुर्दैवाने शाबूत आहे.

आमची वाडी डिंगोऱ्याच्या वर, तासभर चढून गेल्यावर. पंधरा-वीस घरं, घरांखाली भाताची खाचरं, वरच्या उतारावर नाचणी आणि वरई. आमच्या घरामागून जी पायवाट डोंगराला जायची ती एका कपारीपाशी संपायची. काळ्या कातळाखाली पडलेली पोकळी, चार माणसं बसतील एवढी रुंद, आत शिरताना मोठ्या माणसाला कमरेत वाकावं लागे. तिला सगळे गायकपार म्हणत, कारण तिच्या छताला आचळं होती. बोटाएवढी, पांढुरकी, कायम ओली, चार इकडे, तीन तिकडे, आणि टोकाला एकेक थेंब. डोंगर ही गाय, तिची कास तेवढी इथे उघडी पडलीय, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ज्या बाळंतिणीला दूध उतरत नाही तिने त्या आचळाखालचं पाणी प्यायचं. त्याला मुकं पाणी म्हणत. ते आणायचं लग्न न झालेल्या मुलीने, तीन दिवस, रोज काशाची एक वाटी भरून. पहिली वाटी आचळाखाली ठेवल्यापासून तिसरी बाळंतिणीच्या घशाखाली उतरेपर्यंत त्या मुलीने तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की गाय पान्हा चोरते, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हा नेम कुणी घातला, कधी घातला, कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

विचारलं ते आमच्या भूगोलाच्या सरांनी. डिंगोऱ्याच्या शाळेत ते नवीनच आले होते आणि त्यांना दगड बघायचं वेड होतं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हा पाच-सहा पोरींना घेऊन ते कपारीत आले, चपला बाहेर काढून आत वाकले, आणि एकेक आचळ बोटाने चाचपत राहिले. मग म्हणाले, “आचळं नाहीत गं ही. चुना आहे.” पावसाचं पाणी पालापाचोळ्यातून मुरताना थोडं आंबट होतं, वरच्या मातीतले चुनखडीचे गोटे विरघळवतं, आणि फटीफटींतून इथे छताला येऊन लोंबतं. मोकळ्या हवेत त्यातला वायू उडून जातो आणि जाताना थेंब आपल्याजवळचा चुना टोकाशी ठेवून जातो. किती? दिसणारही नाही इतका. पण असे थेंब पिढ्यान्‌पिढ्या पडले की बोटाएवढा दगड होतो. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा, त्यात चुना थोडा, म्हणून ही बोटंच राहिली. जिथे डोंगरच चुनखडीचा असतो तिथे घरासारखे खांब होतात. “आणि हेच पाणी बघा,” ते कपारीच्या तोंडाशी जाऊन म्हणाले. तिथे पावसाळ्यात वरून धार पडायची आणि तिने कातळात घमेल्याएवढा खळगा पाडला होता. “आत ठेवतंय, बाहेर खातंय. पाणी तेच.” घरी येऊन मी ही सगळी विद्या थोरल्या काकूला ऐकवली. “काकू, ती आचळं न्हाईत, त्यो चुना हाय.” काकू पान जुळवत होती. “मंग आन की जरा खरवडून,” ती म्हणाली, “आजचा चुना संपलाय माजा.” आई हसली, ताई हसली, आणि माझी विद्या तिथेच संपली.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. घोडेगावच्या वरच्या अंगाला दिली होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आम्ही दोघी एका गोधडीत वाढलो. माझ्या वेण्या ती घालायची, माझ्या वाटणीचं कारलं ती खायची, आणि मी पुस्तक घेऊन बसले की “आल्या मास्तरीणबाई” म्हणून चिडवायची. ती आली तेव्हा घर भरल्यासारखं झालं. माझ्या वडिलांनी, आबांनी, पडवीच्या आतल्या बाजूला कुडाचा आडोसा करून तिला बाज टाकून दिली. काकू म्हणजे आबांची थोरली वहिनी. नवऱ्यामागे आमच्याच घरात राहायची आणि वाडीतली सगळी बाळंतपणं करायची. तिच्या हाताला यश होतं हे मी आजही म्हणेन. ताईची तिनेच सोडवणूक केली. मुलगी झाली. एवढीशी, सुपात मावेल अशी, पण केस मात्र भरपूर.

तेव्हाचं घर मला आजही वासांनी आठवतं. ओव्याची आणि वावडिंगाची धुरी, तव्यावर भाजलेला अळीव, खोबऱ्याचा आणि गुळाचा वास, शेकाच्या शेगडीतले निखारे, आणि या सगळ्याखाली ओल्या बाळुत्यांचा तो किंचित आंबूस वास. बाळुती ओढ्यावर धुवायचं काम माझं. सकाळी शाळेआधी दहा-बारा तरी निघायची. मी कुरकुर करत न्यायचे, दगडावर आपटायचे, आणि अंगणातल्या वळणीवर वाळत घालायचे. पाचवीच्या दिवशी खालून नर्सबाई आल्या होत्या. आठवड्यातून एकदा त्यांची फेरी असायची. शहरी बोलणाऱ्या, पायात कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या, हसऱ्या बाई. बाळाला झोळीत घालून तराजूने वजन केलं आणि आईला बजावलं, “बाळ लहान आहे. दूध ओढलं नाही किंवा बाळुती कोरडी राहायला लागली तर एक दिवसही थांबू नका, तडक जुन्नरच्या दवाखान्यात घेऊन या.” आईने मान डोलावली. मी उंबऱ्यात उभी होते. मी ऐकलं.

ताईला दूध उतरेना. पहिले काही दिवस थोडं थोडं आलं, मग तेही आटलं. अळीवाची खीर झाली, मेथीचे लाडू झाले, शेपूची भाजी झाली. शेजारची एक लेकुरवाळी दोनदा येऊन पाजून गेली, पण तिचंच पोर तापाने फणफणलं तशी ती यायची थांबली. काकू शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून बाळाच्या ओठांना लावायची. ते चोखायचं, दमायचं, झोपायचं. ताई भिंतीकडे तोंड करून पडू लागली. कुणी आत आलं की पदर छातीवर ओढून घ्यायची. मग सातव्या दिवशी काकू म्हणाली, “आता गाईला साकडं घालाय पायजे.” आणि माझ्याकडे बघून, “ही हाय की. हिला जमंल का पर गप बसाया? दिसभर टकळी चालू असती.” मी म्हणाले, “जमंल.” तो माझा शेवटचा शब्द.

खरं सांगते, मला आनंद झाला होता. घरात माझं काम म्हणजे भांडी, बाळुती आणि शेळ्या. आता आईने मला न्हायला घातलं, कोरं परकर-पोलकं दिलं, काकूने कपाळाला हळद लावली आणि काशाची वाटी दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवली. वाटेत भेटलेल्या बाया बाजूला सरून उभ्या राहिल्या. आबासुद्धा मला काही काम सांगताना आवाज खाली आणून बोलले. तो चुना आहे हे मी विसरले नव्हते. पण सरांचं म्हणणं वहीत होतं आणि वाटी माझ्या हातात होती. दोन्ही खरं असायला काय हरकत आहे, असं काहीसं मी मनाशी ठरवून टाकलं.

कपारीत उजेड कमी आणि गारवा फार. छताच्या मधल्या आचळाखाली जमिनीवर एक बुटकं, गुळगुळीत, पांढरं उंचवट्यासारखं होतं. वरून पडणाऱ्या थेंबातलाच उरलासुरला चुना तिथे साठून झालेलं. त्याच्या माथ्याशी वाटीपुरती खोलगट जागा होती. पिढ्यान्‌पिढ्या बायांनी तिथेच वाटी टेकवलेली. मी वाटी ठेवली आणि थेंब मोजायला लागले. थेंब आधी नुसता ओलावा असायचा, मग फुगायचा, मग टोकाशी थरथरत राहायचा. पडतो पडतो म्हणेपर्यंत मी सावकाश तीस मोजलेलं असायचं. टप्‌. पुन्हा एक-दोन-तीन. सरांनी सांगितलं होतं की थेंब जितका रेंगाळतो तितका जास्त चुना मागे ठेवतो. घाईने पडणारा थेंब खाली नेऊन ठेवतो. मला तेव्हा त्याचं काय. माझे पाय बधिर झाले होते आणि वाटीचा तळसुद्धा झाकला नव्हता. दुपार कलताना वाटी भरली. न सांडता घरी आणली, ताई उठून बसली, डोळे मिटून प्यायली. काकूने तिच्या पाठीवरून हात फिरवला. “बघ, परवापातुर कळ सोस,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाळुती न्यायला गेले तर पाटीत एकच होतं. तेही कोरडं. मी ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. आत डोकावले. बाळ ताईच्या कुशीत पडलं होतं, ओठ सुकलेले, आणि डोक्यावरची टाळू आत गेल्यासारखी. नर्सबाईंचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवलं. आई चुलीशी होती. मी तिच्यापाशी जाऊन ते कोरडं बाळुतं तिच्यासमोर धरलं. ती म्हणाली, “ठेव तिथं, मग घालते त्याला.” मी तिच्या दंडाला धरलं. “आगं काय? वाटी घे आन जा, ऊन चढतंय.” मी गेले. वळणीवर आदल्या दिवशीची बाळुती तशीच होती. काढायची राहिली होती.

त्या दिवशी वाटी जरा लवकर भरली. ताईला पाजलं, ती आडवी झाली. वरई कापणीला आलेली, त्यामुळे आई, आबा, काकू सगळे वरच्या उतारावर. मी ओट्यावर बसले होते. आणि नर्सबाई आल्या. त्यांच्या फेरीचा दिवस नव्हता. पलीकडच्या वाडीत एक बाई अडली होती, तिच्याकडे धावत निघाल्या होत्या, वाटेत आमचं घर म्हणून थांबल्या. घामाने भिजलेल्या, धाप लागलेली. “काय गं, बाळ कसं आहे?” मी ओठांवर बोट ठेवलं. “झोपलंय होय?” त्यांनी दारातूनच आत पाहिलं. ताई भिंतीकडे तोंड करून, बाळ तिच्या पुढ्यात. त्यांनी आवाज उतरवला. “दूध ओढतंय ना? शू करतंय ना?”

आता या वाक्यापाशी मी कितीतरी वेळा थांबले आहे. बंदी बोलायला होती, मान हलवायला नव्हती. मान हलवल्याने नेम मोडतो असं काकूनेही कधी म्हटलं नव्हतं. मी नुसतं डावीकडून उजवीकडे पाहिलं असतं तरी पुरलं असतं. पण मला दिसलं की बाई आत जातील, बाळाला उचलतील, सगळ्यांना जुन्नरला चला म्हणतील, आणि माझी तिसरी वाटी राहील. दोन दिवसांची माझी सगळी तपश्चर्या, ती हळद, बाजूला सरणाऱ्या बाया, सगळं फुकट. मी मान वरखाली हलवली. बाईंनी वळणीकडे पाहिलं. ओळीने दहा-बारा बाळुती लटकलेली. “बाळुती तर भरपूर दिसतायत. मग काळजी नाही,” त्या म्हणाल्या, माझ्या गालावर चापट मारली आणि चढाला लागल्या. पलीकडच्या वाडीतली बाई आणि तिचं मूल दोघंही वाचली, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी वाटी अर्धी भरली असताना कपारीच्या तोंडाशी अंधार झाला. काकू वाकून आत येत होती. या वयात ती त्या चढाने कधी येत नसे. ती माझ्याजवळ बसली, वाटी उचलली आणि पाणी तिथेच जमिनीवर ओतून टाकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “ऊठ बाय. आता बोललीस तरी चालतंय.” मी रिकामी वाटी उचलली. उतरताना तिने माझा हात घट्ट धरला होता आणि ती सबंध वाट काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक गाईशीच भांडत होती.

बारसं व्हायचं होतं, त्यामुळे तिला नावही नव्हतं. आबा तिला नव्या कापडात गुंडाळून ओढ्याच्या पलीकडे घेऊन गेले. घरी आल्यावर आईने मला ओट्यावर बसवलं आणि सगळ्या बायांदेखत विचारलं, “खरं सांग. बोलली व्हतीस का तू?” मी म्हणाले, “न्हाई.” तीन दिवसांनी निघालेला तो पहिला शब्द होता आणि तो खरा होता. त्यांचा विश्वास बसला की नाही कोण जाणे. नर्सबाई येऊन गेल्याचं मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नव्हतं, हे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. महिन्याभराने ताई सासरी गेली. निघताना तिने माझ्या वेण्या घातल्या, नेहमीपेक्षा घट्ट.

पुढे शिकले, मास्तरीण झाले, पुण्यात राहिले. शाळेच्या सहलीबरोबर एकदा आंध्रात खऱ्याखुऱ्या चुनखडीच्या गुहा पाहिल्या. रंगीत दिवे लावलेले, गाइड पोरांना म्हणत होता, हा बघा हत्ती, हा बघा शंकर. प्रत्येक खांब डोंगराच्या कुठल्यातरी जागेतून झिजून आलेला. खाली जे उभं राहतं ते वरून कमी झालेलं असतं. मी बाहेर येऊन बसमध्ये बसून राहिले. आमच्या कपारीत आता थेंब पडत नाही. वरच्या पठारावर बोअर झाल्या आणि आचळं सुकली, हात लावला की पांढरी भुकटी बोटाला येते. त्या पाण्याने कुणाचं दूध वाढलं नाही आणि त्या पाण्याने कुणी मेलंही नाही, हे मी शास्त्राची पदवी असलेली बाई छातीठोकपणे सांगू शकते. त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

गेल्या वर्षी ताईकडे चार दिवस राहायला गेले. तिला दोन मुलगे झाले, नातवंडं झाली, गुडघे गेले. दर दिवाळीला आम्ही भेटतो, एकमेकींच्या ताटात वाढतो, आणि त्या बाळाचा विषय दोघींनी कधी काढला नाही. दुपारी अंगणात बसून ती पावट्याच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसले. म्हटलं, आपण दोघी आता किती दिवसांच्या. आणि सांगून टाकलं. “ताई, दुसऱ्या वाटीच्या दिवशी नर्सबाई आल्या होत्या. मला विचारलं त्यांनी. बाळुतं कोरडं होतं हे मला माहीत होतं, तरी मी मान डोलावली.” सांगताना मी रडले, इतकी की सून बाहेर येऊन बघून गेली.

ताईचा हात थांबला नाही. एक शेंग सोलली, दुसरी घेतली. “ठावं हाय मला,” ती म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“कुनी सांगाया कशाला पायजे? मी जागीच व्हते. तिनं इचारलेलं समदं आयकू येत व्हतं मला.” तिने दाणे सुपात टाकले. “म्हनलं, ही बाई आत आली तर बाळाला जुन्नरला न्यायला लावंल. मंग सासरी कळंल, हिच्या अंगाला दूध न्हाई म्हनून. लई लाज वाटली मला. डोळं गच्च मिटून पडून ऱ्हायले. ती गेल्याचं पाऊल वाजलं तवा बरं वाटलं मला. बरं वाटलं, काय सांगू तुला.”

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो काढून घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

“तुला तर नेम व्हता गं,” ती म्हणाली. “मला काय व्हतं?”